जैसलमेर: एकाच दिवसात माळढोक, जीवाश्म आणि तारे जमतील का?

ओवीची_आई (१४ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. २७ डिसेंबरला आम्ही जैसलमेरला निघतोय. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. किल्ला, हवेल्या, उंट हे होईलच. पण लेकीला डायनासोरचं वेड, मला पक्ष्यांचं आणि सासूबाईंना आकाशाचं. लहानपणी गावाला अंगणात घोंगडीवर पडून आजोबांनी दाखवलेली नक्षत्रं त्यांना अजून पाठ आहेत. शहरात आल्यापासून मात्र त्यांना कृत्तिकाही नीट दिसलेल्या नाहीत.

तिथल्या एका गाईडने दिवसभराची सहल सुचवली आहे. पहाटे निघून मरुभूमी राष्ट्रीय उद्यानातलं सुदासरी, भर दुपारी आकलचं जीवाश्म उद्यान, संध्याकाळी खुडीच्या बाजूला वाळूवर तारे आणि रात्री दहाला हॉटेलवर परत.

हे एका दिवसात खरंच होतं का? माळढोक दिसतो का? आणि आईंना झेपेल का? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

---

शेवंता

वाचतेय. आम्हालाही जायचंय.

---

दुर्बीणवाला

ताई, बाकी सगळं नंतर, आधी पंचांग उघडा. २७ डिसेंबरला शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्र आहे. म्हणजे अर्धा चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असणार आणि मध्यरात्रीपर्यंत मावळणार नाही. वाळू फिकट असते, चांदण्यात ती उजळून निघते. दिसायला सुंदर, पण तारे बघायचे असतील तर अर्धं आकाश गेलं म्हणून समजा. अमावास्या १९-२० डिसेंबरला आहे. तिकिटं बदलता येत असतील तर आठवडाभर अलीकडे या. सासूबाईंसाठी एवढं कराच.

---

माळरान

मी सोलापूरकडचा. नान्नजचा माळ लहानपणापासून पाहिलाय, त्यामुळे माळढोक हा माझ्या जिवाचा विषय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुदासरी हा मरुभूमी राष्ट्रीय उद्यानातला जाळीचं कुंपण घालून राखलेला गवताळ भाग. उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यातले वाळूचे टेकाड थोडे. बाकी सगळं सेवण गवत, खडकाळ माळ, केरची झुडपं, मधूनच एखादी खेजडी. वाळवंट म्हणजे नुसती वाळू ही कल्पना घरी ठेवून या, कारण जनावरं आणि पक्षी या गवतात असतात.

माळढोक (तिकडे गोडावण म्हणतात) १९८१ पासून राजस्थानचा राज्यपक्षी आहे. नर उभा राहिला की मीटरभर उंच, वजन १५ किलोपर्यंत जातं. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वात जड पक्ष्यांपैकी एक. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. जगात मिळून दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. आमच्याकडे १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं ते याच्याचसाठी. आता तिथे वर्षानुवर्षं वाट बघणारे लोक आहेत, पक्षी नाही.

दिसेल का? मी चार वेळा गेलो, दोनदा दिसला. दोन्ही वेळा सकाळी साडेआठच्या आत, अर्ध्या किलोमीटरवरून. गवतात एक फिकट खांब उभा आहे असं वाटतं आणि मग तो खांब चालू लागतो. फोटो नीट आला नाही. मान वर, चोच किंचित आभाळाकडे, एकेक पाऊल मोजून टाकत तो चालला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

डिसेंबरात सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो. त्या वेळी तुम्ही तिथे पोचलेले हवेत. म्हणजे शहरातून सहाच्या आत निघा. प्रवेशाचं आणि परवानगीचं गाईडने आदल्या दिवशीच बघून ठेवलेलं बरं.

माळढोक नाही दिसला तरी चिंकारा दिसतीलच. गरुड, गिधाडं, तिलोर (माळढोकाचाच छोटा भाऊबंद), धाविक, चंडोल... थंडीत पाहुण्यांची रांग लागलेली असते. आणि वाळवंटी कोल्हा. त्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, आपल्याकडच्या खोकडाचं काळं. लेकीला हे आधीच सांगून ठेवा, तीच पहिली ओळखेल.

---

बापू_पाटील

माळरानभाऊ, वाचताना थंडी वाजली. सासूबाईंना कानटोपी आणि दोन रग न्या. दिवसा २५ अंश आणि पहाटे ५ असा प्रकार असतो तिकडे. हवेत ओल नाही, ढग नाहीत, त्यामुळे सूर्य गेला की जमिनीतली ऊब सरळ आकाशात निघून जाते. उघड्या जीपमध्ये तर वारा हाडात शिरतो. आजींना बंद गाडी बघा.

---

भूगर्भी

आता माझ्या प्रांतात या.

आकलला भर दुपारी जाऊ नका. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा ही चूक केली. डोक्यावरच्या उन्हात दगड सपाट दिसतो. तीन-साडेतीननंतर ऊन तिरकं झालं की खोडावरचा एकेक धागा उठून दिसतो, गाठी दिसतात, वाढीच्या रेषा दिसतात. पोरं "सर, हे लाकूडच आहे" म्हणून दगडाजवळ वाकून बघत होती. माझ्या मते जीवाश्म कळण्याचा खरा क्षण तो.

जागा शहरापासून १७ किलोमीटर, बाडमेर रस्त्यावर. २१ हेक्टरचा उघडा माळ, त्यात २५ च्या आसपास अश्मीभूत खोडं, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, वर पत्रा. सर्वात मोठं १३ मीटर लांब. वय सुमारे १८ कोटी वर्षं. फुलझाडं तेव्हा जन्माला यायची होती. हे सगळे सूचिपर्णी गोतातले वृक्ष. हवा उष्ण आणि दमट, समुद्र जवळ. झाडं पडली, गाळात गाडली गेली, हवा न मिळाल्याने कुजली नाहीत. मग जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत शिरून बसली आणि लाकूड हळूहळू दगड झालं. आकार मात्र तसाच राहिला.

जिथे आज घोटभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, तिथे हे जंगल होतं. लेकीला तिथेच उभं करून सांगा.

डायनासोरचं म्हणाल तर तिच्यासाठी खास बातमी आहे. जैसलमेरजवळच्या खडकात एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडं सापडली आणि २०२३ साली आयआयटी रुडकी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी त्याचं नाव जाहीर केलं: थारोसॉरस इंडिकस. १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या अभ्यासकांच्या मते, डिप्लोडोकससारख्या डायनासोरांच्या मोठ्या कुळातला तेव्हापर्यंत माहीत असलेला सर्वात जुना सदस्य. त्याची हाडं आकलला बघायला मिळणार नाहीत, पण ज्या मातीवरून तो चालला तिच्यावरून ती चालेल.

आणखी एक. शहरातल्या पिवळ्या भिंतींकडेही बघा. तो चुनखडक समुद्राच्या तळाशी तयार झालेला आहे. पायऱ्या, उंबरे, भिंतींचे कोपरे यांत शिंपल्यांचे काप दिसतात. ११५६ साली किल्ला बांधला गेला तो अशा दगडातून.

आकलवरून खडासुद्धा उचलू नका. बंदी आहेच, पण बंदी नसती तरी मी हेच सांगितलं असतं. माझ्या पहिल्या भेटीत रस्त्याकडेला अश्मीभूत लाकडाचे बोटभर तुकडे विखुरलेले दिसायचे. पुढच्या भेटीत त्याच जागी काही नव्हतं.

---

अनुस्वार

अवांतर: हाबूरच्या दगडाने दूध विरजतं म्हणतात, ते खरं का?

---

भूगर्भी

@अनुस्वार, हाबूर जैसलमेर जिल्ह्यातलंच गाव. तिथला दगड शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांनी खच्चून भरलेला आहे, घासून त्याची भांडी करतात, दिसतात फार सुंदर. त्या भांड्यात विरजणाशिवाय दही लागतं अशी तिकडे पक्की समजूत आहे. लोक सांगतात, त्यांच्या घरात लागतंही. दह्याचे जिवाणू भांड्याच्या खरबरीत छिद्रांत राहत असतील, जसे आपल्या मातीच्या गाडग्यात राहतात, असा माझा तर्क.

---

रानभूल

थोडा वेगळा सूर लावते. कोणाचं मन दुखवायचं नाही.

पहाटे सहा ते रात्री दहा, तीन विषय, तीन ठिकाणं, मध्ये शंभर-दीडशे किलोमीटर गाडी. असं पळत काय बघणार? मी अशाच एका दिवसभराच्या सहलीला गेले होते. "तुम्हाला माळढोक दाखवतोच" असं त्यांनी फोनवर कबूल केलं होतं. सकाळी गवतात काहीतरी हललं, तर चालकाने गाडी रस्ता सोडून सरळ त्या दिशेने घातली. पक्षी उडाला. माळढोक नव्हता, तिलोर होता. गाडीतले सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. हिवाळ्यात इतक्या लांबून आलेला पक्षी, त्याला चरायला चार तास ऊन मिळतं, त्यातही आपण मागे लागायचं.

दीडशेहून कमी उरलेल्या पक्ष्याला बघायला जावंच का, हा माझा प्रश्न आहे.

---

माळरान

रानभूल, तुमचा राग मला पूर्ण समजतो. रस्ता सोडणारी गाडी दिसली की मी अजूनही खाली उतरून भांडतो.

पण "जावंच का" याला माझं उत्तर "हो" आहे. नान्नजला आम्ही तेच केलं, पक्षी सरकारी कागदावर सोडून दिला आणि गावाला त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नाही. उद्यानाकडच्या सम गावाच्या आसपासच्या पोरांना आज गोडावणमुळे काम मिळतं. ज्या पोराचं पोट त्या पक्ष्यावर आहे तो कुत्र्यांना हाकलतो, घरटं दिसलं तर वनखात्याला कळवतो. फक्त पोर नीट निवडायला हवं.

ओवीची_आई, गाईडला एकच प्रश्न विचारा: "माळढोक नक्की दाखवाल ना?" जो "हो" म्हणेल त्याला सोडा. जो "नशीब असेल तर दिसेल, मी गाडी रस्त्यावरच ठेवतो" म्हणेल त्याच्याबरोबर जा.

---

वीजतंत्री

मी त्याच जिल्ह्यात सौरप्रकल्पाच्या वाहिन्यांवर तीन वर्षं काम केलंय, म्हणून बोलतो. गाड्यांपेक्षा आमच्या तारा जास्त पक्षी मारतात, हे मान्य करायला हवं.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जमिनीवर चौफेर दिसतं, पण उडताना समोरचं फार थोडं दिसतं. शिवाय अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार त्या भागातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये तारांमुळे वर्षाला ८४,००० च्या आसपास पक्षी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. त्यात वर्षाला दोन-चार माळढोक गेले तरी पुढे काय होणार हे सांगायला नको.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण जास्त दाबाच्या वाहिन्या इतक्या लांब जमिनीखाली टाकणं तांत्रिकदृष्ट्या फार कठीण आहे. कमी दाबाच्या टाकता येतात, मी स्वतः टाकल्यात. उरलेल्यांवर चकत्या लावतो, वाऱ्यावर फिरणाऱ्या. सूर्यप्रकाशात चमकतात, पक्ष्याला दुरून दिसतात. पुरेसं आहे का? नाही. पण कोळशाला पर्याय म्हणून सूर्यही हवा आणि माळढोकही हवा, असं मला मनापासून वाटतं.

चांगली बातमीही सांगतो. सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत पिल्लं वाढत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये पेढे वाटले होते.

---

शेवंता

पेढ्यांचं वाचून बरं वाटलं. 🙂

---

बापू_पाटील

साप-विंचवाचं कोणी बोललंच नाही. तिकडे "पीवणा" नावाचा साप झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास पितो म्हणतात. आजी वाळूवर पडून तारे बघणार आहेत, म्हणून विचारतो.

---

माळरान

बापू, पीवणा म्हणजे मण्यारीच्या जातीचा साप. रात्री फिरतो, दात बारीक, चावलेलं कळत नाही, सूज नाही, आणि पहाटे माणसाला श्वास घेता येत नाही. त्यावरून श्वास पिण्याची गोष्ट झाली. विष खरं आहे, गोष्ट लोकांनी रचलेली आहे. दुसरं फुरसं, ते तर आपल्या कोकणातही आहे. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. पण डिसेंबरच्या रात्री ५-७ अंशांत साप सहसा बाहेर पडत नाहीत. तरीही खाली सतरंजीवर न पडता बाजेवर पडा, बूट घालण्याआधी झटका, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नका.

थंडीत सांडाही (काटेरी शेपटीचा सरडा) दिसणार नाही. बिळाचं तोंड वाळूने बंद करून आत झोपलेला असतो.

---

दुर्बीणवाला

तारांगणाकडे परत येतो.

१. विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा पेटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

२. समच्या तंबूनगरीत तारे बघायला जाऊ नका. तिथे दिवे आणि गाणी रात्री उशिरापर्यंत चालू असतात. खुडी त्या मानाने शांत. दूरवर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतील, त्याला इलाज नाही.

३. हिरवा लेसर नेऊ नका. हवाई दलाचा तळ आहे, सीमा जवळ आहे. ड्रोनही घरीच ठेवा.

४. मोठी दुर्बीण नसली तरी चालेल. पक्ष्यांसाठी घेतलेली १०×५० किंवा ८×४२ पुरे. गुरू मिथुनेत आहे, त्याचे चार चंद्र त्यातून दिसतात.

साडेसातला डोक्यावर देवयानी तारकासमूह. त्यातली दीर्घिका (गॅलेक्सी) नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. सरळ रोखून बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा, मग उमटते. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

आणि सासूबाईंना सांगा, ध्रुव जरा वर शोधा. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. मुंबईत तो १९ अंशांवर, जैसलमेरला २७ वर. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. म्हणजे त्यांच्या ओळखीच्या जागेपेक्षा जवळजवळ एक मूठ वर. दक्षिणेचा अगस्त्य तारा मात्र उलट, तितकाच खाली गेलेला. तो दहाच्या सुमारास उगवतो आणि एकच्या सुमारास दक्षिणेला जास्तीत जास्त एक मूठभर वर येतो, तेवढाच.

म्हणून माझं मत: दहाला परतू नका. रात्र तिथेच काढा.

---

अनुस्वार

@दुर्बीणवाला, यासाठी राजस्थानच का? पेंच आहे की.

---

दुर्बीणवाला

पेंच उत्तमच. २०२४ च्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्रातलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार राखलेलं उद्यान) झालं. लडाखचं हानले तर त्याहून उजवं. पण पेंचला झाडी आहे, हानलेला ४,००० मीटरहून जास्त उंची, तिथे ७२ वर्षांच्या बाईंना न्यायला मी धजावणार नाही. थारमध्ये क्षितिज चारही बाजूंनी जमिनीला टेकलेलं दिसतं. तारा उगवताना बघायचा असेल तर याहून चांगली जागा नाही.

---

ओवीची_आई (२९ नोव्हेंबर)

सगळ्यांचे आभार. तिकिटं बदलली! २० डिसेंबरला सहल, रात्री खुडीतच झोपड्यांत मुक्काम. आकल साडेतीनला. पहिल्या गाईडला माळरानांचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "शंभर टक्के दाखवतो." त्याला नम्रपणे नाही म्हटलं. दुसरा म्हणाला, "गोडावण माझ्या मर्जीने नाही फिरत, मॅडम." तो ठरवला.

---

रानभूल

हा दुसरा आवडला. जाऊन या, आल्यावर लिहा. वाट बघते.

---

ओवीची_आई (२८ डिसेंबर)

आले. उशिराबद्दल माफी, घरी आल्यावर ओवीला सर्दी झाली होती.

पहाटे पावणेसहाला निघालो. आईंना स्वेटर, शाल, रग आणि वर कानटोपी. सुदासरीला पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती तांबूस रेघ होती. गाईडने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, आता अर्धा तास कोणी बोलायचं नाही. इतकी शांतता मी आजवर ऐकलेली नाही. गवतावरून वारा गेला की तेवढाच आवाज.

माळढोक दिसला नाही.

हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. चिंकारा दिसले, सात, त्यात एक पाडस. पांढऱ्या टोकाची शेपटी ओवीने सर्वात आधी ओळखली आणि मौनाचा नियम मोडून ओरडली. कोल्हा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसला होता, त्याने फक्त कान वळवला. नवाच्या सुमारास पाखुर्ड्यांचे थवे पाणवठ्यावर उतरले. गाईडने सांगितलं की उन्हाळ्यात नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि तसाच उडत जाऊन पिल्लांना पाजतो. पिल्लं ती पिसं चोखतात. ओवीचे बाबा त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

परतताना गाईडने एका तारेखाली गाडी थांबवली. वर फिरणाऱ्या चकत्या होत्या. म्हणाला, तीन वर्षांपूर्वी इथे मादी पडलेली मला सापडली होती. तो एवढंच बोलला. वीजतंत्री, मला तुमची आठवण झाली.

दुपारी किल्ल्याच्या पायरीत ओवीला शिंपला सापडला, खरोखर पायरीत! लोक त्यावरून ये-जा करत होते आणि ती तिथे पालथी पडून बघत होती. आकलला ऊन अगदी भूगर्भींनी सांगितलं तसं तिरकं होतं. तिने जाळीला नाक लावून विचारलं, "मग याला वास का येत नाही?" लाकडाचा वास. मला उत्तर देता आलं नाही. एक चपटा तपकिरी खडा तिने उचलला, पाहिला, वहीत त्याचं चित्र काढलं आणि परत ठेवला, जिथून उचलला त्याच खळगीत.

दुपारचा प्रवास आईंना जड गेला, हे प्रामाणिकपणे सांगते. पाठ धरली. रानभूलचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर होतं. पुन्हा गेले तर आकल वेगळ्या दिवशी करीन.

पण संध्याकाळी खुडीला बाजेवर टेकल्या आणि आई वेगळ्याच झाल्या. सातच्या पुढे पूर्ण अंधार. मी तारे "दाखवणार" होते, ॲप घेऊन. त्यांनी मोबाईल बंद करायला लावला. मृग पूर्वेला आडवा पडून वर येत होता. "पोटातला बाण बघ," ओवीला म्हणाल्या, "तीन तारे. बाण कुठून आला? रेषा खाली धर. आत्ता कोणी नाही तिथे. थांब, येईल तो." आठ वाजून गेल्यावर बरोबर त्या रेषेत, वाळूच्या कडेवर, व्याध उगवला. लाल, हिरवा, पांढरा असा थरथरत. ओवीने आजीचा हात घट्ट धरला होता.

मग कृत्तिका मोजल्या. मला सहा, नवऱ्याला सहा, ओवीला आठ, आईंना चष्मा लावून सात. "साठ वर्षांनी सात," म्हणाल्या.

रात्री सगळे झोपल्यावर मला कोणीतरी हलवलं. आई. पाऊण वाजला होता. "अगस्त्य आला असेल, चल." रग गुंडाळून दोघी बाहेर उभ्या राहिलो. दक्षिणेला, वाळूपासून मूठभर वर, एकटा तारा. त्यांनी हात लांब करून मूठ धरून मोजला, आणि मग उत्तरेला वळून ध्रुवही मोजला. "खरंच वर आहे गं," एवढंच म्हणाल्या.

---

दुर्बीणवाला

ताई, दोनदा वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

कृत्तिकांवरून आठवलं. वैदिक साहित्यात त्यांची सात नावं आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. त्यातली तीन ढगांची आणि पावसाची. वाळवंटात बसून ही नावं घ्यायला फार छान वाटतं. आईंना माहीत असतीलही.

---

ओवीची_आई

माहीत नव्हती. आत्ता वाचून दाखवली. वहीत लिहून घेताहेत.

---

भूगर्भी

ओवीच्या प्रश्नाला उत्तर: वास लाकडातल्या सेंद्रिय द्रव्यांचा असतो. त्यांची जागा सिलिकाने घेतली, म्हणून आकार राहिला, वास गेला. तिला सांगा, हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी विचारला नाही.

---

अनुस्वार

खेजडी म्हणजे आपली शमीच ना? दसऱ्याची?

---

माळरान

हो, तीच. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, केर-सांगरीतली.

ओवीची_आई, माळढोक दिसला नाही तरी तुम्ही अर्धा तास इंजिन बंद ठेवून बसलात, हे त्या पक्ष्यासाठी खूप आहे.

---

शेवंता

आम्ही मार्चच्या शेवटी जातोय. सांडा दिसेल का तेव्हा? आणि तारे?

---

माळरान

सांडा नक्की, दहानंतर ऊन तापलं की बिळाच्या तोंडाशी येतो. गवत खाणारा निरुपद्रवी प्राणी आहे. त्याच्या तेलाच्या बाटल्या कोणी विकायला आणल्या तर घेऊ नका आणि वनखात्याला सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. थंडीचे पाहुणे पक्षी तोवर बरेचसे परतलेले असतील.

---

दुर्बीणवाला

मार्चअखेर मृग पश्चिमेला कललेला असेल. पहाटे तीनला उठायची तयारी असेल तर दक्षिण-पूर्वेला वृश्चिक आणि त्याच्या मागून आकाशगंगेचा सर्वात दाट भाग वर येताना दिसेल. तारीख कळवा, चंद्र बघून सांगतो.